ताऱ्यांचा तक्ता का फाटला?

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत मी चौथीला शिकवते. वर्गात 26 मुलं आहेत. शिस्त लागावी म्हणून जूनमध्ये भिंतीवर ताऱ्यांचा तक्ता लावला : जो शांत बसेल, त्याच्या नावापुढे तारा. पंधरा दिवस वर्ग शांत होता. आता त्याच सहा-सात मुलींना तारे मिळतात, बाकीच्यांना त्याचं काही वाटत नाही. एक मुलगा सारखा उठतो, मध्येच ओरडून उत्तरं देतो. परवा त्याने तक्ताच फाडला. ओरडून माझा घसा बसलाय. त्याला वर्गाबाहेर उभं करू का?

उत्तर : बाई, बाहेर उभं करू नका. शिक्षणहक्क कायद्याच्या (2009) कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई आहे. शिवाय ज्याला समोरचा धडा नकोसा झालाय, त्याला व्हरांडा म्हणजे सुटकाच. उद्या तो पुन्हा तेच करील.

तुमचे तारे 'शांत बसण्याला' होते. ज्या मुली मुळातच शांत, त्यांनाच ते मिळत राहिले. ज्याच्या नावापुढे आठ-आठ दिवस काहीच नाही, त्याला तो तक्ता म्हणजे रोज सगळ्यांसमोर टांगलेली नापासांची यादी. त्याने तो फाडला याचं मला नवल वाटत नाही. त्या मुलींचंही फार भलं होत नाहीये. 1973 साली अमेरिकेत बालवाडीतल्या, चित्रांची आवड असलेल्या काही मुलांना चित्र काढण्याआधीच बक्षीस कबूल केलं होतं. पुढे मोकळ्या वेळेत ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली.

वागणं कवितेसारखं शिकवावं लागतं, सरावाने. एकच वेळ निवडा : मधल्या सुट्टीत पाव-भाजी खाऊन वर्गात परतण्याची. पावसात मैदान बंद, म्हणून गोंधळ तिथेच जास्त. हात धुणं, चपला रांगेत, जागेवर बसणं, वही उघडणं, असे तुकडे करून स्वतः दाखवा आणि दोन दिवस रोज दोनदा करून घ्या. 'धावू नका' म्हणण्यापेक्षा 'चालत या' म्हणा. चुकलं तर भाषण नको, 'दारापासून परत करूया' एवढंच. फळ्यावर दोन ओळींचं काम आधीच लिहिलेलं असू द्या, कारण मुलं रिकामी बसली की गडबड सुरू होते.

छपरावर पाऊस वाजत असताना तुम्ही आवाज चढवला की मुलंही चढवतात. ठरावीक जागी उभं राहून हात वर करा आणि सगळे गप्प होईपर्यंत थांबा. अर्धा वर्ग बोलत असताना तुम्ही सुरुवात केलीत, तर बाई शिकवताना बोललं तरी चालतं हे तुम्हीच शिकवलंत.

नुसत्या 'शाब्बास'ने मुलाला काय बरोबर केलं ते कळत नाही. 'तू हात वर करून थांबलास, म्हणून तिला वाक्य पुरं करता आलं,' असं जवळ जाऊन हळू आवाजात सांगा.

आता तो मुलगा. तीन दिवस कागदावर टिपा : किती वाजता उठला, त्याआधी वर्गात काय चाललं होतं. मोठ्याने वाचायची पाळी जवळ आली की उठत असेल, तर घरची कोंकणी आणि पुस्तकातली मराठी यांत तो अडखळत असेल. उद्याचा परिच्छेद त्याला आदल्या दिवशी द्या. काम लवकर संपवून उठत असेल, तर वह्या वाटायचं काम द्या. मध्येच ओरडला तर दुर्लक्ष करा, पण हात वर दिसताच लगेच त्याच्याकडे वळा. पहिले काही दिवस ओरडणं वाढेल. आजवर ओरडलं की तुम्ही बघत होतात, आता बघत नाही, म्हणून तो जोर लावून पाहणार. बहुतेक जण इथेच हार मानतात. पाचव्या हाकेला उत्तर दिलंत, तर पाचदा ओरडायचं एवढं तो शिकेल. मारामारी किंवा वस्तू फेकणं मात्र तिथल्या तिथे थांबवायचं, त्याला दुर्लक्ष लागू नाही.

त्याच्या आईकडे आजवर तक्रारीच गेल्या असतील. या आठवड्यात एक चांगली गोष्ट शाळेच्या फाटकाशी, कोंकणीतून, त्याच्यासमोर सांगा. गणेश चवथीच्या सुट्टीत सवयी मोडतील, तेव्हा परतल्यावर दोन दिवस सराव पुन्हा पहिल्यापासून घ्या. आणि फाटलेला तक्ता चिकटवत बसू नका. त्याच्याच मदतीने तो उतरवा आणि त्या जागी वर्गाचं वेळापत्रक त्यालाच लावायला द्या.