गोल्फमध्ये माझा ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) २०० यार्डाच्या पुढे जात नाही, प्रो लोकांचा ३०० कसा जातो?

भाऊ, जोर लावून नाही जात. पीजीए टूरवर (अमेरिकेतली प्रो गोल्फ स्पर्धांची मालिका) सरासरीच ३०० यार्डाच्या आसपास आहे म्हणजे जवळपास २७४ मीटर, आणि तिथल्या रोरी मॅकिलरॉय या खेळाडूची २०२३ ची सरासरी तर ३२६ यार्ड होती, पण प्रो लोकांच्या क्लबहेडचा (गोल्फच्या काठीच्या, म्हणजे क्लबच्या, बॉलला लागणाऱ्या टोकाचा) स्पीडच सरासरी ताशी ११५ मैलांच्या घरात असतो, तो आपल्याला जमणार नाही, सोडून द्या. तुम्ही बॉल डाव्या टाचेच्या रेषेत ठेवा (उजव्या हाताचे असाल तर), ग्रिप सैल धरा, आणि क्लब खाली येताना आधी कंबर फिरू द्या मग हात, बहुतेकांचं इथंच गंडते. बॉल क्लबहेडच्या मधोमध लागला तर त्याच ताकदीत बरेच यार्ड वाढतात. बाकी आपल्या नागपुरात मे महिन्यात हवा गरम, विरळ, बॉल थोडा जास्तच जातो, पण प्रॅक्टिस पहाटेच करा बाप्पा!