आयटीआयवर पीआर मिळतो का, मॅडम?

"डिग्री नाहीये मॅडम, नुसता आयटीआय आहे, बाहेर आपलं काही होईल का, पीआर म्हणजे तिथं कायमचं राहायला मिळेल का?" ठाणे-ऐरोली पट्ट्यात करिअर काउन्सेलिंग करायला बसलं की हा प्रश्न येतोच येतो, आणि विचारणारा जवळजवळ प्रत्येक जण आवाज खाली करून विचारतो, जसं काही गुन्हाच केलाय. होतं, बाबांनो. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, फिटर, वेल्डर ही माणसं बऱ्याच देशांना हवीच आहेत. गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी, ते एका केसवरून सांगते. नाव आणि थोडेफार तपशील बदललेत.

संतोष, वय ३४, राहायला कळव्यात. ठाण्यातून आयटीआय केलेला, इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा ट्रेड, आणि तेव्हापासून रबाळे-महापे एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टरकडे मेंटेनन्सला. बायको बी.कॉम., एका क्लिनिकचे हिशेब बघते. दोघं एका एजंटच्या ऑफिसातून थेट माझ्याकडे आलेले. तिथं त्यांना सात लाखांचं पॅकेज सांगितलेलं, ऑस्ट्रेलियाचा पीआर पक्का, नोकरीपण आम्हीच लावतो, फक्त टोकन आज भरा नाहीतर कोटा संपेल. घरी दागिने गहाण टाकायची बोलणी सुरू होती आणि ताईंच्या डोळ्यात पाणी. मी म्हटलं टोकन भरलंय का, तर नाही. मग कोणता देश, कोणता व्हिसा ते नंतर बघू, आधी कामाचे कागद दाखवा.

पिशवीतून निघालं काय, तर एनसीव्हीटीचं म्हणजे आयटीआयचं केंद्राचं सर्टिफिकेट, मस्त लॅमिनेट केलेलं (आपल्याकडे मायेनं लॅमिनेट करतात आणि पुढे ॲपॉस्टिलच्या, म्हणजे परदेशासाठी सरकारी शिक्का घ्यायच्या वेळी तेच नडतं), आणि रबरबँड लावलेली गेटपासची जाडजूड चळत. एवढ्या वर्षांत कॉन्ट्रॅक्टर तीन झाले पण लेटर एकाचंही नाही, आणि पहिल्याकडे तर पगार रोख, पाकिटात.

खरी अडचण ही. ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रिशियनचं स्किल असेसमेंट, म्हणजे काम खरंच येतं का याची तपासणी, ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया म्हणजे टीआरए ही तिथली सरकारी संस्था बघते. आधी कागद तपासतात, ते पास झाले की टेक्निकल इंटरव्ह्यू किंवा प्रॅक्टिकल. हात कितीही चांगला असू दे, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत फुल टाइम हेच काम केलं हे लिहून देणारा कोणी नसेल तर तुम्ही प्रॅक्टिकलपर्यंत पोचतच नाही. आणि "यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले, पुढील वाटचालीस शुभेच्छा" असलं लेटर चालत नाही. त्यात काम लिहिलेलं लागतं, डीबी ड्रेसिंग, मोटर स्टार्टरचं वायरिंग, केबल ग्लँडिंग, मेगर टेस्टिंग, अर्थिंग, जे केलंय तेच आणि तेवढंच. सोबत पगार मिळाल्याचा पुरावा.

पुरावा कुठून आणणार? तर पीएफमधून. तिथंच मोबाईलवर यूएएन टाकून पासबुक काढलं, दुसऱ्या-तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टरची नावं, महिन्यागणिक जमा, सगळं २०१५ पासून व्यवस्थित. इतका वेळ गप्प बसलेला माणूस पहिल्यांदा हसला. पहिल्याकडची रोख पगाराची वर्षं मात्र सोडून दिली, त्यासाठी खोटं लेटर बनवून देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका, पकडलं तर पुढची काही वर्षं व्हिसाचं दारच बंद.

त्याला खरी भीती वेगळीच होती. "लेटर मागितलं तर सेठला कळणार मी चाललोय, उद्यापासून कामावर येऊ नको म्हणाला तर?" ही भीती खोटी नाहीये. म्हणून आधी जुन्या कॉन्ट्रॅक्टरकडून घ्या म्हटलं, तिथं गमावण्यासारखं काही नाही, आणि सध्याच्याकडे फाइल तयार झाल्यावर सगळ्यात शेवटी जा.

ऑस्ट्रेलियाचा हा व्हिसा पॉइंटवर मिळतो, मग ते मोजले. वय ३३ ते ३९ ला २५ मिळतात (२५ ते ३२ ला ३०, म्हणून मी पोरांना लवकर हला म्हणते), ट्रेडच्या क्वालिफिकेशनचे १०, अनुभवाचे १०. पासबुकात वर्षं जास्त दिसतात, पण सुरुवातीची काही वर्षं कुशल कारागीर होण्यात मोजली जातात, त्यामुळे १५ धरून चालू नका. आयईएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षेत प्रत्येक विभागात ६ बँड हवेतच आणि त्याचे पॉइंट शून्य. बायकोचं इंग्लिश तेवढं असेल तर ५. झाले ५०, आणि नुसत्या एंट्रीला ६५ लागतात. राज्याने नॉमिनेट केलेल्या १९० व्हिसाचे ५ वाढतात, तरी कमीच. ४९१ या मोठ्या शहरांबाहेरच्या व्हिसाला १५ वाढतात, तिथं बरोबर ६५ होतात, पण तो लगेच पीआर नाही, पाच वर्षांचा प्रोव्हिजनल, सिडनी-मेलबर्न-ब्रिस्बेन सोडून राहायचं आणि तीन वर्षांनी पीआरला अर्ज. आणि ६५ झाले म्हणजे बोलावणं आलंच असंही नाही. आता हेच संतोषने प्रत्येक विभागात ७ बँड काढले तर १० वाढतात आणि १९० पण आवाक्यात येतो. पॅकेजवाल्याने इंग्लिशचं नावसुद्धा काढलं नव्हतं!

नोकरी लावून देतो म्हणजे ४८२, कंपनीने स्पॉन्सर करायचा व्हिसा, डिसेंबर २०२४ पासून त्याला स्किल्स इन डिमांड म्हणतात. चांगला आहे, पण स्पॉन्सरशिप पैसे घेऊन विकणं हा तिकडे गुन्हा आहे, आणि इथे भारतात नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला फी घेता येते ती जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी. सात लाख कुठून आले ते तुम्हीच बघा. एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का आणि व्हिसाचा सल्ला देणारा ऑस्ट्रेलियाच्या मारा रजिस्टरमध्ये (तिथल्या नोंदणीकृत व्हिसा सल्लागारांची यादी) आहे का, दोन्ही फुकटात तपासता येतं.

कॅनडाचं पण विचारलं त्यांनी. तिथल्या ट्रेड्स प्रोग्रामला जॉब ऑफर किंवा तिथल्या प्रांताचं ट्रेड सर्टिफिकेट लागतं, कळव्यात बसून दोन्ही कठीण. जर्मनीचं ऑपॉर्च्युनिटी कार्ड, म्हणजे तिथं जाऊन नोकरी शोधायचा व्हिसा, जून २०२४ पासून आहे, त्याला किमान दोन वर्षांचं ट्रेनिंग हवं म्हणून संतोष बसतो, वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेडवाला बसणार नाही. पण खर्चासाठी महिन्याला १,०९१ युरो या हिशेबाने वर्षाचे पैसे आधी दाखवा, वर जर्मन शिका. त्याला ते झेपणारं नव्हतं, सोडलं.

ताईंनी जाता जाता विचारलं ते फार कमी जण विचारतात, तिथं उतरल्यावर लगेच पूर्ण पगार सुरू होतो का. नाही होत. इलेक्ट्रिशियनला तिथल्या राज्याचं लायसन्स लागतं, असेसमेंट पास होऊन गेलेल्यालासुद्धा आधी कोणाच्या तरी देखरेखीखाली काम आणि गॅप ट्रेनिंग, म्हणजे तिथल्या पद्धतीचं राहिलेलं शिक्षण, करावं लागतं, मग पूर्ण लायसन्स. म्हणजे ते महिने काढायला पैसे शिल्लक हवेत, डोक्यावर व्याज नको. दागिन्यांचा विषय त्यांनी तिथेच मिटवला. आता दोघं संध्याकाळी एकत्र आयईएलटीएसच्या क्लासला जातात, बायकोचं इंग्लिश त्याच्यापेक्षा बरं आहे, आणि जुन्या कॉन्ट्रॅक्टरने लेटर दिलंय, फक्त तारीख चुकीची टाकलीये, ते बदलून आणायचंय.