जिवाणूच्या आत सर्किट, पण वायर कुठंय?

प्रश्न : अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्यांची पॅनेल वायरिंगची कामं करतो. मुलगी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी करतेय. ती म्हणते, जिवाणूत जनुकांचं सर्किट बसवतात. वायर कुठंय विचारलं तर हसली. हे सर्किट नुसतं म्हणायला की खरंच?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : खरंच, आणि तुम्हाला ते चटकन कळेल. मोटर फॉरवर्ड-रिव्हर्स करताना तुम्ही इंटरलॉक ठेवता ना? एका कॉन्टॅक्टरची (कॉइलनं ओढला जाणारा स्विच) एनसी, म्हणजे तो ओढला की तुटणारी जोडणी, दुसऱ्याच्या कॉइलला, दुसऱ्याची पहिल्याच्या. एक ओढला की दुसरा ओढूच शकत नाही. २००० साली गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स या संशोधकांनी ई. कोलाय जिवाणूत हेच केलं. दोन जनुकं, प्रत्येकाचं प्रथिन दुसऱ्याला बंद पाडणारं. पुश बटन म्हणजे आयपीटीजी हे रसायन. ते घातलं की पहिलं प्रथिन निकामी होतं, दुसरं जनुक सुरू होतं आणि जोडीला लावलेल्या प्रथिनामुळे जिवाणू हिरवा चमकतो. रसायन काढून घेतलं तरी चमक राहते, पुढच्या पिढ्यांतसुद्धा. उलटं फिरवायला ४२ अंश उष्णता. आपल्याकडं मे महिन्यात ती फुकट मिळते!

वायर मात्र नसतेच. प्रथिनं पेशीत मोकळी फिरतात आणि डीएनएवरची आपली खूण दिसेल तिथं बसतात. म्हणून एकच प्रथिन दोन कामांना वापरलं की सगळं शॉर्ट. तुम्ही एकाच मेकचे पन्नास रिले शेजारी लावाल. इथं प्रत्येक रिले वेगळ्या जातीचा हवा, आणि तो दुसऱ्याच्या कामात लुडबुडत नाही हेही तपासायचं. खरी डोकेदुखी ही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या संशोधकांनी ‘सेलो’ हे सॉफ्टवेअर पुढं आणलं. चिप डिझाइनच्या व्हेरिलॉग भाषेत लिहून दिलं की ते डीएनएचा क्रम काढून देतं. बनवून पाहिलेल्या ६० सर्किटांपैकी ४५ पूर्ण बरोबर चालली.

लोडचंही आहेच. सर्किटची प्रथिनं पेशीला स्वतःच्याच रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रांवर, बनवावी लागतात, त्यात तिची वाढ मंदावते. म्युटेशननं, म्हणजे डीएनएत आपोआप झालेल्या बदलानं, जिचं सर्किट मोडलं ती पेशी मग भराभर वाढून बाकीच्यांना मागं टाकते.

मुलीला या वाटेनं जायचं असेल तर गणित सोडू देऊ नका. कुठलं प्रथिन किती वेगानं बनतं नि विरतं, याची समीकरणं आधी मांडावी लागतात. दोन्ही बाजूंची ताकद जुळली नाही तर स्विच एकाच बाजूला पडून राहतो.