मुलं वाचत नाहीत, मग मी ग्रंथालयात कशाला?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या ग्रंथपाल माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) बोलता बोलता मूळ दुखणं बाहेर आलं. "आठवी-नववीची मुलं पुस्तकाला शिवत नाहीत. सर विचारतात, या महिन्यात किती पुस्तकं गेली? मोबाईलने माझं कामच संपवलं."

ही तक्रार पालकांकडूनही मी सतत ऐकते. पण मोबाईलवर खापर फोडलं की पुढचा विचारच थांबतो. म्हणून मी म्हटलं, मूल पुस्तक घेतं तिथपासून परत देईपर्यंत काय काय होतं ते क्रमाने सांगा.

कपाटांना कुलूप. पुस्तक नाव घेऊन मागायचं. नोंदवहीत सही करायची, आणि ती वही टेबलावर उघडीच असते. परत देताना पानभर अहवाल: सारांश, बोध, खाली पालकांची सही.

सांगता सांगता त्या थबकल्या. नववीतल्या एका मुलीने वयात येताना होणाऱ्या शारीरिक बदलांवरचं पुस्तक नेलं होतं. दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत तिने ते परत आणून ठेवलं. वर्गातल्या मुलांनी वहीत तिचं नाव वाचलं होतं. तेव्हापासून ग्रंथालयाच्या तासाला ती गणिताची वही काढून बसते.

या वयात मूल काय वाचतं, ही त्याची खाजगी बाब असते. जे कुणाला विचारता येत नाही ते पुस्तकात शोधायचं असतं. त्याचा सारांश आईबाबांना दाखवून सही आणायची असेल, तर कोण शोधेल? अहवालाची ही पद्धत चांगल्या हेतूने सुरू होते हे मला मान्य आहे. तरी ती वाचनाच्या मुळावर येते असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण गोव्याची. यातली बरीच मुलं घरी कोंकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत. तेराव्या वर्षी मराठी बालकथा त्यांना पोरकट वाटतात आणि त्यांच्या वयाची इंग्रजी कादंबरी दहाव्या पानावर दमवते. याला आपण आळस म्हणतो. अशा मुलांना पातळ पण विषयाने मोठी पुस्तकं लागतात. फुटबॉल, भुतं, प्रेम, गुन्हे, चित्रकथा, काहीही चालेल. आणि नाटकं! 'वाचत नाही' अशा यादीतल्या एका मुलाने गावच्या जत्रेतल्या नाटकाची आपली नक्कल, म्हणजे आपल्या भूमिकेचे लिहून दिलेले संवाद, तोंडपाठ केली होती. बाईंनी ते वाचनात धरलंच नव्हतं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचे १९३१ सालचे ग्रंथालयाचे पाच नियम बाईंना पाठ होते. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, हा त्यातलाच एक. मात्र तो अमलात आणायला कपाट उघडं लागतं. "पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात मुलांना नेऊ का?" त्यांनी विचारलं. १८३२ साली सुरू झालेलं ग्रंथालय आहे, जरूर न्या, मी म्हटलं, पण आधी ती वही मिटा.

नोंदी आता कार्डांवर होतात आणि कार्डं खणात राहतात. आरोग्याची पुस्तकं तिथेच बसून, नोंद न करता वाचता येतात. दोन-तीन हरवली. मी म्हटलं, हरवू देत, जिथे हवी होती तिथेच गेली असतील. अर्थात वार्षिक पडताळणीत उत्तर त्यांनाच द्यायचं आहे, त्यामुळे माझं हे बोलणं त्यांना फारसं रुचलं नाही.

अहवाल बंद करायला मुख्याध्यापक तयार नव्हते. मग बाईंनीच मधला मार्ग काढला: ज्याला वाटेल त्याने पुस्तकाबद्दल वर्गासमोर दोन मिनिटं बोलावं, आवडलं नाही असं सांगितलं तरी चालेल. आठवी-नववीपुरती परवानगी मिळाली. दहावीचा ग्रंथालयाचा तास मात्र बोर्डाच्या परीक्षेसाठी काढून घेतला गेला, आणि त्यावर त्यांचं भांडण अजून चालू आहे. झोप सुधारली आहे.