वाचकांचे प्रश्न : फ्रीमेसन लॉजमधील सेवेची नोंद कशी करावी?

प्रश्न : माझे वडील रेल्वेच्या नोकरीत होते आणि निवृत्तीनंतर भुसावळलाच स्थायिक झाले. ते फ्रीमेसन या बंधुसंघाचे सभासद होते एवढेच आम्हां भावंडांना ठाऊक होते. घरी त्यांनी त्याविषयी फारसे कधी सांगितले नाही. त्यांच्या निधनानंतर लोखंडी पेटीत निळ्या काठाचा पांढरा कातडी एप्रन, चांदीचे एक पदक आणि इंग्रजी-लॅटिन मजकुराचे प्रमाणपत्र सापडले. पदकावर गवंड्याचा गुण्या असून त्याखाली भूमितीची एक आकृती लटकते. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने त्यांच्या जीवनकार्यावर छोटी स्मरणिका काढावी असा आमचा विचार आहे. त्यांनी तेथे काय काम केले असेल, आणि ते कसे लिहावे? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्या वर्णनावरून आपले वडील लॉजचे, म्हणजे फ्रीमेसनांच्या स्थानिक शाखेचे, मास्टर (प्रमुख) होऊन गेले होते असे दिसते. गुण्याखाली लटकणारी आकृती युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील ४७ व्या प्रमेयाची, म्हणजे शाळेत आपण पायथागोरसच्या नावाने शिकतो त्या सिद्धांताची असते, आणि इंग्लिश पद्धतीच्या लॉजमध्ये असे पदक मास्टरपद भूषविलेल्या सभासदाला, म्हणजे पास्ट मास्टरला मिळते. एप्रनही एकदा नीट पाहावा. नवागताचा एप्रन कोरा पांढरा असतो, दुसऱ्या पायरीवर त्याला दोन निळी फुले लागतात, तिसऱ्या पायरीवर फिकट निळा काठ आणि तीन फुले येतात; मास्टर झालेल्याच्या एप्रनवर फुलांच्या जागी उलट्या ‘टी’ अक्षरासारख्या धातूच्या तीन खुणा असतात. स्कॉटिश पद्धतीच्या लॉजमध्ये मात्र एप्रनचे रंग लॉजगणिक बदलतात, म्हणून निर्णय प्रमाणपत्रावरून करावा. इंग्रजी आणि लॅटिन असा दुहेरी मजकूर लंडनच्या ग्रँड लॉजच्या, म्हणजे अनेक लॉजवरील मध्यवर्ती संस्थेच्या, प्रमाणपत्रावर आढळतो. त्यावर लॉजचे नाव, त्याचा क्रमांक आणि दीक्षेची तारीख मिळेल. यांतला क्रमांक सर्वांत मोलाचा, कारण एकाच नावाचे लॉज अनेक असू शकतात.

मास्टरपद साधारणपणे एका वर्षाचे असते आणि त्याआधी बऱ्याच वर्षांची चाकरी असते. स्टुअर्ड म्हणून भोजनाची व्यवस्था पाहायची, आतल्या दाराची राखण करायची, डीकन म्हणून नवागताचा हात धरून त्याला विधीतून न्यायचे, मग कनिष्ठ आणि वरिष्ठ वॉर्डन, आणि त्यानंतर मास्टर, असा हा क्रम आहे. कनिष्ठ वॉर्डनच्या गळ्यात ओळंबा असतो, वरिष्ठाच्या गळ्यात पाणसळ आणि मास्टरच्या गळ्यात गुण्या. विधीतील लांबलचक भाषणे मास्टरने मुखोद्गत म्हणावी अशी अपेक्षा असते. कचेरी किंवा पाळीची नोकरी सांभाळून वर्षानुवर्षे हे करणाऱ्या माणसाने किती संध्याकाळी त्यासाठी दिल्या असतील, याची कल्पना आपण घरच्यांनीच करावी.

स्मरणिकेविषयी माझे स्पष्ट मत असे आहे की पदव्यांची यादी शेवटच्या पानावर जावी. अशा संस्थांतील थोरांची चरित्रे बहुधा ‘अमुक साली अमुक पद’ अशा ओळींनी भरलेली असतात आणि वाचून झाल्यावर माणूस हाती लागत नाही. मेसन मंडळी स्वतः बंधुभाव, साहाय्य आणि सत्य ही तीन तत्त्वे सांगतात. त्यांपैकी साहाय्याचा माग काढता येतो. त्यासाठी लॉजमध्ये आल्मनर नावाचा पदाधिकारीही असतो. आजारी सभासदाची विचारपूस आणि दिवंगत सभासदाच्या पत्नीची व मुलांची वास्तपुस्त हे त्याचे काम. वडिलांनी हे पद सांभाळले असेल, तर त्या एका गोष्टीला मास्टरपदापेक्षा अधिक जागा द्यावी असे मी म्हणेन.

लिहावे कसे, याचा नमुना म्हणून डॉ. जेम्स बर्न्स यांचे आयुष्य पाहावे. स्कॉटलंडमधील माँट्रोज येथे १८०१ मध्ये जन्मलेले हे शल्यवैद्य १८२१ मध्ये धाकटा भाऊ अलेक्झांडर याच्यासह मुंबईला आले. पुढे भूजला असताना सिंधच्या अमिरावर उपचार करण्यासाठी ते सिंधमधील हैदराबादला जाऊन आले. १८३६ मध्ये स्कॉटिश ग्रँड लॉजने त्यांना पश्चिम भारताचे प्रांतिक ग्रँड मास्टर नेमले. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाची कोनशिला १८४३ मध्ये मेसनिक विधीने बसवली गेली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. एवढे लिहून थांबले तर ती पदांची यादीच होईल. आता त्यात दोन तारखा घालाव्यात. २ नोव्हेंबर १८४१ रोजी काबूलमधील इंग्रजांविरुद्धच्या उठावात अलेक्झांडर आणि सर्वांत धाकटा भाऊ चार्ल्स, दोघेही मारले गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, १५ डिसेंबर १८४३ रोजी, बर्न्स यांनी मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हा ३४२ क्रमांकाचा लॉज उभा केला, तो मुद्दाम भारतीयांसाठी, आणि त्यात पारशांबरोबर मुसलमानांनाही बंधू म्हणून घेतले. काबूलच्या घटनेनंतर इंग्रजांच्या मनात किती कडवटपणा होता हे ज्यांनी इतिहासात वाचले आहे, त्यांना या निर्णयाचे वजन सांगावे लागणार नाही. बर्न्स यांना सूडाची भाषा बोलण्याचे निमित्त होते आणि ऐकणारेही पुष्कळ मिळाले असते. १८४९ मध्ये ते निवृत्त झाले व १८६२ मध्ये वारले. त्यांच्या साऱ्या पदांपैकी मला हा एक लॉज मोठा वाटतो.

त्या लॉजमागे आणखी एका माणसाची चिकाटी होती, आणि तिचा उल्लेख केल्यावाचून बर्न्स यांची गोष्ट अर्धी राहते. माणेकजी करसेटजी (१८०८–१८८७) या पारशी गृहस्थांना मुंबईतील युरोपीय लॉजने प्रवेश नाकारला. लंडनमध्येही दार उघडले नाही. शेवटी त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली, ते मुंबईला परतले, आणि भारतीयांसाठी स्वतंत्र लॉज असावा ही मागणी पुढे आली. पुढे त्या लॉजचे मास्टरपद त्यांच्याकडेच आले. हेच माणेकजी लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश होते आणि १८६३ मध्ये मुंबईत अलेक्झांड्रा गर्ल्स इंग्लिश इन्स्टिट्यूशन ही मुलींची शाळा त्यांनीच उभी केली. स्वतःसाठी बंद दार सोसलेल्या माणसाने नंतर मुलींसाठी शाळेचे दार उघडले. चरित्र लिहिणाऱ्याने लॉजमधले आणि लॉजबाहेरचे आयुष्य असे शेजारी ठेवून पाहावे. आपल्या वडिलांच्या बाबतीत रेल्वेतील नोकरी, वसाहतीतील शेजारी, एखाद्या मुलाची भरलेली फी, हे सारे त्यांत येईल.

काही व्यावहारिक गोष्टी. रेल्वेतील माणसांच्या बदल्या होत, त्यामुळे दीक्षा एका गावी आणि पुढील सेवा दुसऱ्या गावच्या लॉजमध्ये असे होऊ शकते; वडिलांच्या सेवापुस्तिकेतील बदल्यांच्या तारखा प्रमाणपत्राशी ताडून पाहाव्यात. लॉजच्या प्रत्येक सभेचे इतिवृत्त लिहिले जाते. ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत झाली आणि रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर झाले. काही लॉज तेव्हाही इंग्लिश, स्कॉटिश वा आयरिश छत्राखालीच राहिले. म्हणून आधी लॉज कोणत्या छत्राखाली होता हे ठरवून मग त्या इतिवृत्तांसाठी संबंधित ग्रँड लॉजला पत्र लिहावे. भारतीय ग्रँड लॉजच्या पश्चिम विभागाचे प्रादेशिक कार्यालय मुंबईला आहे. एप्रन घडी घालून ठेवू नये, कातडे घडीवर चिरते. कागदांची छायाचित्रे काढून त्यांची एक प्रत धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी दिली, तर खान्देशातील अशा माणसांचा शोध घेणाऱ्यांना ती उपयोगी पडेल.

प्रश्न : फ्रीमेसन ही गुप्त आणि धर्मविरोधी संघटना आहे असे लहानपणापासून ऐकत आलो. आस्तिक हिंदू तिचा सभासद होऊ शकतो काय? — एक वाचक, धुळे

उत्तर : होऊ शकतो, उलट नास्तिकालाच तेथे प्रवेश नाही. विश्वाचा महान शिल्पकार या नावाने परमेश्वरावर श्रद्धा असणे ही पहिली अट आहे, आणि सभासद ज्या धर्माचा त्या धर्माच्या ग्रंथावर शपथ घेतो, त्यामुळे भारतीय लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता आणि गुरू ग्रंथसाहिब शेजारी शेजारी ठेवलेले आढळतात. लॉजच्या सभेत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई असते. ओळखीच्या खुणा आणि काही विधी ते खाजगी ठेवतात. इमारती मात्र उघड्या रस्त्यावर नावानिशी उभ्या आहेत.

हिंदूंना हा प्रवेश सहज मिळाला नाही हेही सांगितले पाहिजे. अनेक देव मानणाऱ्याला एकेश्वराची शपथ कशी द्यावी, असा आक्षेप कलकत्त्याला घेतला गेला. प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला आणि नऊ वर्षे पाठपुरावा करून १८७२ मध्ये दीक्षा मिळवली. त्यांच्यानंतर बारा वर्षांनी, फेब्रुवारी १८८४ मध्ये, नरेंद्रनाथ दत्त कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये दाखल झाले. त्यांना आपण स्वामी विवेकानंद म्हणून ओळखतो. अफवांच्या आधारे मत बनवण्यापूर्वी ही दोन नावे आपण ध्यानात घ्यावीत अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : स्त्रियांना या बंधुसंघात स्थान आहे काय? — एक वाचिका, अमळनेर

उत्तर : वर उल्लेखिलेल्या ग्रँड लॉजमध्ये नाही. स्त्री-पुरुषांना समान प्रवेश देणारी को-मेसनरी ही वेगळी शाखा फ्रान्समध्ये १८९३ साली सुरू झाली. ॲनी बेझंट १९०२ मध्ये तिच्यात दाखल झाल्या आणि त्यांच्याच पुढाकाराने ती भारतात रुजली. पुरुषांच्या जुन्या ग्रँड लॉज मात्र तिला मान्यता देत नाहीत.