वासराला जन्मताच खनिजांचे इंजेक्शन द्यावे का?

प्रश्न : आमच्याकडे संकरित होल्स्टीन गाई आहेत. चारा म्हणजे उसाचे वाढे आणि कडबा. या हंगामात वासरे आठ-दहा दिवसांची झाली की हगवण लागते, केस राठ होतात, वासरे भिंत चाटतात. औषध दुकानात सांगितले की जन्मल्याबरोबर जस्त, तांबे, मँगनीज आणि सेलेनियमचे इंजेक्शन द्या. द्यावे का?

उत्तर : आधी मीच आपल्याला विचारतो. व्याल्यावर या गाईंची वार वेळेवर पडली का? गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत, म्हणजे दूध काढणे थांबवून गाय आटवल्यानंतर, त्यांना खनिज मिश्रण चालू होते की दूध बंद झाले तसे तेही बंद केले?

बहुतेक गोठ्यांत ते बंदच होते. दूध नाही तर खर्च कशाला, असा हिशेब असतो आणि वासराचे नुकसान तिथेच सुरू होते. दुधात तांबे, लोह आणि मँगनीज फार थोडे असते. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे वासरू जगते ते यकृतातल्या साठ्यावर. हा साठा गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून मिळतो. आईच रिकामी असेल तर वासरू रिकामे जन्मते. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडले की गाईची वार अडकण्याचे प्रमाण वाढते, म्हणून वारेचे विचारले. ई जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यात भरपूर असते, वाळलेल्या कडब्यात जवळपास उरत नाही. आपल्या चाऱ्यात ही बाजू लंगडी आहे. वाढ्यांतल्या ऑक्झॅलेट नावाच्या द्रव्यामुळे कॅल्शियमही अडकून पडते, ते वेगळेच.

तेव्हा पहिले काम गाईचे. आटवल्या दिवसापासून रोज ५० ग्रॅम चांगले खनिज मिश्रण द्या आणि थोडा तरी लसूणघास किंवा हिरवा मका ठेवा. पिशवीवर तांबे, जस्त, मँगनीज, कोबाल्ट, आयोडीन यांचे प्रमाण छापलेले नसेल तर ती पिशवी घेऊ नका. स्वस्त पांढरी पावडर म्हणजे बऱ्याचदा नुसता चुना असतो.

आता इंजेक्शन. त्याला आधार आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुधाळ जातीच्या वासरांना याच चार खनिजांचे इंजेक्शन जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आणि पुन्हा महिन्याने दिले. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अधिक जोमाने काम करू लागल्या, हगवण कमी झाली. वजनवाढीत मात्र फरक पडला नाही. म्हणजे कमतरता असलेल्या गोठ्यात त्याचा उपयोग होऊ शकतो, पण पशुवैद्यकाने वासरू पाहून, वजनाप्रमाणे मात्रा ठरवूनच ते द्यावे. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांतले अंतर फार थोडे आहे, आणि जादा तांबे यकृतात साठत जाते. इंजेक्शन, वर टॉनिकचे थेंब, वर खुराकातली पावडर असे तिन्ही एकाच वेळी करणे धोक्याचे आहे. लोहाचे टॉनिकही उगाच पाजत राहू नका, जादा लोह तांब्याला अडवते.

आणि चिकाची जागा कोणतेही इंजेक्शन घेत नाही, हे मी प्रत्येक गोठ्यात सांगतो. गाईच्या वारेतून वासराला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात, आणि साधारण २४ तासांत वासराचे आतडे ती शोषून घेणे थांबवते. वार पडायची वाट पाहत चीक रोखून धरणारे अजूनही भेटतात. कृपा करून तसे करू नका. ३० किलोच्या वासराला ३ लिटर चीक लागतो. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत आणि उरलेला बारा तासांच्या आत पाजा. नाळेला आयोडीन लावा, खाली कोरडे भुसकट ठेवा.

सध्या ज्यांना हगवण आहे त्यांचे दूध तोडू नका. दोन दुधांच्या मधल्या वेळेत क्षार-साखरेचे पाणी पाजा. डोळे खोल गेले, कान-तोंड गार पडले किंवा वासरू चोखेनासे झाले, तर टॉनिकात वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठा. तेव्हा त्याला शिरेतून सलाईन लागते.

दुसऱ्या आठवड्यापासून वासरापुढे मूठभर काफ स्टार्टर (लहान वासरांचा खुराक) आणि स्वच्छ पाणी ठेवा. खुराक घरी बनवत असाल तर १०० किलोत २ किलो खनिज मिश्रण पुरते. मग वेगळ्या थेंबांची गरज उरत नाही. त्याच गोठ्यात मेंढ्या असतील तर गाईचे हे मिश्रण त्यांना चुकूनही देऊ नका, मेंढीला तांब्याची विषबाधा फार लवकर होते.

प्रश्न : म्हशीचे रेडकू माती खाते. खनिज कमी पडले म्हणायचे का?

उत्तर : पडलेही असेल, पण रेडकात आधी जंत पाहावेत. मोठ्या गोल जंताच्या अळ्या आईच्या दुधातूनच रेडकाच्या पोटात जातात. म्हणून दहा ते चौदा दिवसांचे झाल्यावर जंतनाशकाची पहिली मात्रा पशुवैद्यकाला विचारून द्या. पोट सुटलेले, अंग वाळलेले आणि शेण मातकट, दुर्गंधीचे असेल तर शेणाचा नमुना दवाखान्यात तपासून घ्या. मुसके बांधल्याने माती खाणे दिसत नाही एवढेच, कारण तसेच राहते. जंत गेल्यावरही माती खात राहिले तर खनिज मिश्रण आणि मीठ यांकडे वळा.