पवनचक्क्यांमुळे ग्रिड डळमळत असेल, तर या क्षेत्रात जावं का?

प्रश्न : मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पवनऊर्जेत करिअर करायचं ठरवलं होतं. पण आमचे सर म्हणतात, पवनचक्क्या वाढल्या की ग्रिडची फ्रिक्वेन्सी अस्थिर होते, म्हणून या क्षेत्राची वाढ कधीतरी थांबणारच. दिशा बदलू का?

उत्तर : सरांचं निदान बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

औष्णिक किंवा जलविद्युत केंद्रातला जनरेटर ग्रिडच्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याच्या, फ्रिक्वेन्सीशी (वीजप्रवाह सेकंदाला किती आवर्तनं घेतो त्याच्याशी) बांधलेला असतो. ५० हर्ट्झला दोन ध्रुवांचं यंत्र मिनिटाला ३००० फेरे घेतं. एखादं केंद्र अचानक ट्रिप झालं, म्हणजे बंद पडून ग्रिडपासून सुटलं, तर पहिले काही सेकंद ती तूट या फिरत्या वजनांतली ऊर्जाच भरून काढते. फेरे मंदावतात, फ्रिक्वेन्सी घसरते, पण सावकाश. तोवर गव्हर्नरला (यंत्राचा वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकाला) वाफ किंवा पाणी वाढवायला सवड मिळते. हेच ग्रिडचं जडत्व. आता आधुनिक पवनचक्की घे. पाती अवाढव्य, पण मध्ये कन्व्हर्टर, म्हणजे विजेचं रूप बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, बसलेला. त्यामुळे फ्रिक्वेन्सी पडल्याचं रोटरच्या, म्हणजे पात्यांसह फिरणाऱ्या भागाच्या, गावीही नसतं. वाऱ्याचा वाटा वाढून जुनी यंत्रं बंद राहिली, की तेवढ्याच तुटीला फ्रिक्वेन्सी जास्त वेगानं कोसळते.

९ ऑगस्ट २०१९ ची ब्रिटनमधली घटना मुद्दाम वाच. पारेषण वाहिनीवर वीज पडली आणि काही क्षणांत हॉर्नसी समुद्री पवन प्रकल्पाचं बरंचसं उत्पादन आणि लिटल बारफर्ड गॅस केंद्राचं एक युनिट ग्रिडबाहेर गेलं. अनेक छोटे जनरेटरही सुटले. काही तर केवळ फ्रिक्वेन्सीच्या घसरणीचा वेग पाहून जोडणी तोडणाऱ्या रिलेंमुळे (सुरक्षा स्विचेसमुळे). फ्रिक्वेन्सी ४८.८ हर्ट्झवर आली, सुमारे १० लाख ग्राहकांची वीज गेली. गंमत म्हणजे हॉर्नसीत वारा पडला नव्हता. कंट्रोल सिस्टीम अस्थिर झाली होती आणि दुरुस्ती झाली ती सॉफ्टवेअरमध्ये. तुझं काम तिथं आहे.

उपाय आहेत, पण सरळ एकही नाही. कंट्रोलरच्या मदतीनं रोटरमधली ऊर्जा ओढून ग्रिडला देता येते. कॅनडातल्या हायड्रो-क्युबेक या वीज कंपनीनं पवन प्रकल्पांना तशी अटच घातली आहे. मात्र मंदावलेला रोटर वेग परत मिळवताना ग्रिडला कमी वीज देतो आणि सावरत आलेली फ्रिक्वेन्सी दुसरा गोता खाऊ शकते. बॅटऱ्या, सिंक्रोनस कंडेन्सर (वीज न बनवता ग्रिडबरोबर नुसतं फिरणारं यंत्र), ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर (स्वतः फ्रिक्वेन्सी उभी करणारा कन्व्हर्टर) यांवर जोरात काम चालू आहे. आयर्लंडनं कन्व्हर्टरमार्फत येणाऱ्या विजेची मर्यादा ५० वरून टप्प्याटप्प्यानं ७५ टक्क्यांवर नेली, ती अशाच कामाच्या जोरावर.

तेव्हा शाखा सोडू नकोस. पॉवर सिस्टीम, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोल पक्कं कर. कंट्रोल बहुतेक मुलं पासापुरतं करतात. इथं तेच भाव खातं. सुट्टीत स्विंग इक्वेशन, म्हणजे तूट आली की जनरेटरचा वेग कसा बदलतो ते सांगणारं समीकरण, पायथॉनमध्ये सोडव. १० टक्के उत्पादन तोड आणि जडत्वाचा स्थिरांक ५ सेकंदांवरून २ वर आण; सुरुवातीची घसरण सेकंदाला ०.५ हर्ट्झवरून १.२५ वर जाईल. असं का झालं हे खणून काढावंसं वाटलं, तर एमटेकला पॉवर सिस्टीम घे. कंटाळा आला, तर पवनऊर्जेतच प्रकल्प उभारणी आणि देखभालीची कामं आहेत. त्यांची तयारी वेगळी.